मागच्या सीटची जाळी

“घरी कुत्रं पाळलंय का, सर?” मागच्या सीटपाशी उकिडवं बसलेल्या मृत्युंजय मिस्त्रीने विचारलं.

“न्हाई,” भागवत म्हणाला. “कुत्र्याचा काय संबंध? बॅटरी गेली का तेवढं सांगा.”

गाडी हायब्रिड, पेट्रोलवरही चालणारी आणि बॅटरीवरही. शिरूर अनंतपाळहून निघाल्यावर अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला, त्याच्या शेजारी इंजिनाचं पिवळं चिन्ह, आणि मागून पंख्याची घरघर सुरू झाली. भागवत शाळामास्तर, त्याचं लक्ष रस्त्यापेक्षा दिव्यांवरच जास्त. लातूर येईपर्यंत त्याने मनातल्या मनात बॅटरीचं तेरावंसुद्धा उरकलं होतं. त्यात आज उशीर चालणार नव्हता. अकरा वाजता दवाखान्यात आईची चौथी केमो होती. आई, नागुबाई, गॅरेजबाहेर लिंबाखाली खुर्चीवर बसली होती, पदर कानांखाली घट्ट ओढून.

मिस्त्रीने स्कॅनर त्याच्यापुढे धरला. “बॅटरी मेली न्हाई, तापली हाय. तिला गार करायला पंखा असतोय. तो गाडीतलीच हवा ओढतोय, ह्या जाळीतून. एसी बंद ठिवता का?”

“मायला गार लागतं. महिना झाला, डोक्यावरचा पदर काढत न्हाई.”

“नुसत्या एसीनं एवढं व्हत न्हाई. आत काहीतरी बसलंय.”

त्याने सीटच्या कडेची प्लास्टिकची जाळी उचकटली, दोन बोटं आत घातली आणि हाताला लागलं ते वर्तमानपत्रावर ठेवलं.

केस होते. नुसते गळालेले नव्हेत. बोटाभोवती गुंडाळून, शेवटच्या केसाने आवळलेलं सुपारीएवढं गुंतवळ. मग दुसरं निघालं, मग तिसरं. मिस्त्री काढतच राहिला. पांढरे केस, टोकाला मेंदीने लाल, अजून खोबरेलाचा वास असलेले.

हे गुंडाळणं भागवतच्या ओळखीचं होतं. तो लहान असताना विंचरून झालं की आई गळालेले केस असेच बोटाला गुंडाळायची आणि भिंतीच्या फटीत खोचायची. बाईचे केस वाऱ्यावर सोडू नयेत, कुणाच्या हाती लागतील, म्हणायची.

पहिल्या केमोआधी तिने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली होती. केस जातील का? जाणार असतील तर मला औषध नको, आहे तसं राहू द्या. डॉक्टर तोंड उघडायच्या आत भागवतच बोलला होता, “ह्या औषधानं जात न्हाईत, माय.” आणि ती तयार झाली होती.

म्हणजे तिला कळलं होतं. आज नाही, कधीचंच. आता ती गाडी माघारी वळव म्हणेल. लाल त्रिकोणाची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

तो वर्तमानपत्र तसंच हातात धरून लिंबाखाली गेला. का गेला, त्यालाही सांगता आलं नसतं. नागुबाईने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“घर स्लॅबचं,” ती हळू म्हणाली. “भिंतीला फट न्हाई कुठं. घरात गळालेले क्यास सुदीक पिशवीत घालून आणायची. ही जाळी आपसूक आत वढून घ्यायची. मला वाटलं, त्यालाच असंल.”

“माय, मला सांगायचं तरी.”

“तू म्हनला व्हतास ना, जात न्हाईत. मग तुला दावू कसं?”

भागवत तिथेच मातीत बसला. चार लोकांदेखत त्याला रडू फुटलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. नागुबाईने कागद त्याच्या हातून घेतला, पुडी बांधली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

आतून मिस्त्रीने हाक मारली. जाळी साफ करून बसवली होती, स्कॅनरवरून जुना बिघाडही पुसला होता. आई नेहमीच्या जागी बसली. भागवतने बटण दाबलं. आधी सगळे दिवे एकदम पेटले, मग एकेक करून गेले. त्रिकोण सगळ्यात शेवटी गेला. आता डावीकडे वळलं की दवाखाना होता आणि उजवीकडे घर. त्याने आरशातून आईकडे पाहिलं.

नागुबाईने मागून वाकून पाहिलं.

“इझले का समदे?”

“इझले.”

“मग चल दवाखान्यात. आता न्हाई पेटायचे. जाळीत घालायला काही उरलं न्हाई.”