उभी पऱ्हाटी

शाल्मलीने बोंड फोडलं. आत अळी नव्हती. पुढचं फोडलं. त्यातही नव्हती. अर्धं वावर पालथं घातलं तरी फुलसावंगीच्या त्या कपाशीत एक अळी सापडेना. इतकं निरोगी पीक पाहून ती रडकुंडीला आली.

ती यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. गुलाबी बोंडअळीने जिल्हा खाल्ला, त्या हंगामानंतर तिने गावात सभा घेऊन सांगितलं होतं, की डिसेंबरनंतर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची जुनी झाडं, उभी ठेवू नका. उशिराच्या चार बोंडांच्या लोभाने तुम्ही अळीलाच पुढच्या वर्षापर्यंत जेवू घालता. गावाने ऐकलं. सभेत सांगितलेलं खरंच करायची गावाला सवय नव्हती, त्यामुळे जरा जास्तच ऐकलं. दरवर्षी डिसेंबर सरायच्या आत शिवार साफ होऊ लागलं आणि अळी ओसरली.

हे सगळं तिने लेखात लिहिलं. तिचा आधीचा लेख एका बड्या परदेशी नियतकालिकात आला होता. ते इतकं बडं होतं, की वर्गणी न परवडल्यामुळे तिच्या कॉलेजात ते उघडतच नसे. आपला लेख छापल्यावर कसा दिसतो, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. म्हणून या खेपेला तिने खुलं नियतकालिक निवडलं. जगात कुणीही, कुठेही, फुकट वाचावं असं. घाईही होती. केळापूरकडे पऱ्हाटी अजून उभीच होती आणि तिथली मंडळी म्हणत, "कुठं छापून आलं असन तं दाखवा, मंग उपटतो."

नियतकालिकाच्या परीक्षकाने लेखाची तारीफ केली आणि अट घातली. त्याच गावातलं, त्याच वाणाचं, पऱ्हाटी न उपटलेलं एक तरी शेत तुलनेला हवं. फेब्रुवारीतली अळ्यांची मोजणी आणि फोटो पाठवा. नाहीतर लेख परत.

डिसेंबरअखेर अट आली, त्या दिवशी गावात एकट्या लालसिंगची पऱ्हाटी उभी होती. तीसुद्धा ट्रॅक्टर मिळाला नव्हता म्हणून. शाल्मली तशीच बस धरून गेली.

"लालसिंगभाऊ, फेब्रुवारीपर्यंत हात लावू नका. अळी लागली तर लागू द्या."

"तुमीच म्हणे उपटा. आता तुमीच म्हणता, पाळा?"

"मोजणी झाली की लगेच उपटा. पण हे जगभरचे लोक बघणार आहेत. बघायला कुणाला पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या वावराचे फोटोसुद्धा."

लालसिंगने उभ्या पऱ्हाटीवरून नजर फिरवली.

"फोटो बी? मंग ठेवतो."

आणि त्याने शब्द पाळला. जानेवारीत ती चक्कर टाकून गेली तेव्हा दर दोन-तीन बोंडांमागे एकात अळी होती, गुलाबी, गुटगुटीत. शाल्मली समाधानाने घरी परतली होती.

आज मोजणीचा दिवस. आणि मोजायला काहीच नाही.

शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेने, लालसिंग येताना दिसला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. मागे त्याची बायको जमनी, बंजारा बायकांची आरशांची कांचळी घालून, लग्नाला निघाल्यासारखी.

"झाले काय फोटो?" लालसिंगने लांबूनच विचारलं.

"भाऊ, अळ्या कुठे गेल्या?"

"आता कायच्या अळ्या!" लालसिंग खुशीत हसला. "काल सारा तांडा लावला. पोट्टे, बुढे, कोणालेच नाही सोडलं. एक एक किडकं बोंड तोडलं अन् जाळून टाकलं. पाहा आता, हाये काय एक तरी?"

शाल्मलीने हातातलं आणखी एक बोंड फोडलं. स्वच्छ.

"पण का?" तिने कसंबसं विचारलं.

जमनीला हा प्रश्नच कळेना. तिने पदर सारखा केला, फोटोसाठी नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"अवं मॅडम, पोरीले पाहाले चार पाव्हणे येतात तरी आपण आंगण झाडतो. इथं तं सारं जग येऊन राह्यलं."