जयमालाबाईंचा ट्रॅक

नवरा गेल्यावर जयमालाबाईंनी त्याच्यावर गाणं रचलं होतं. नागावच्या महिला मंडळात ते सगळ्यांना तोंडपाठ. मुलानं, सिद्धेशनं, हातात मावेल असा रेकॉर्डर आणला, तेव्हा पहिलं तेच रेकॉर्ड करायचं ठरलं. "आई, प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा, मग कॉम्प्युटरवर जोडायचा," त्यानं समजावलं. पंखा बंद, खिडक्या बंद, अशा खोलीत चार दुपारी त्या घामाघूम होऊन गायल्या, तालाच्या टाळ्याही वेगळ्या वाजवल्या. रविवारी मंडळाच्या बाया ऐकायला जमल्या. सिद्धेशनं गाणं लावलं आणि स्पीकरमधून सुनेचा, राहीचा, आवाज आला. जयमालाबाईंनी मुलाकडं पाहिलं. "तुझा आवाज थरथरतो गं. तो पुसून राहीकडून म्हणवून घेतलं," तो हळूच म्हणाला. "माझं काहीच न्हाय का त्यात?" "आहे की. मागच्या टाळ्या तुझ्याच आहेत." बायांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. जयमालाबाई शेवटपर्यंत आपल्या टाळ्या ऐकत बसल्या.