हात लावू नकोस!

कॅप्टन सलिमाला जाऊन वर्ष झालं; तिच्या पहिल्या बरसीला आम्ही चौघे म्हातारे वैमानिक गंगापूर रोडवर तिच्या घरी निघालो. तिच्या इमारतीत शिरलो, लिफ्टचं दार लागलं, पण लिफ्ट हलेना. मोबाइलला रेंज नाही. घामाघूम झालेला टिपणीस बटणांकडे वळला, तसा मी ओरडलो, "हात लावू नकोस! सलिमा काय सांगायची? काही बिघडलं की घाईघाईनं बटणं दाबायची नाहीत."

धावपट्टी नसलेल्या गावांत विमान उतरवणारी आमच्यातली पहिली तीच. नांदगावच्या माळावर तिनं बंद इंजिनानं लशींच्या पेट्या उतरवल्या, तेव्हा शेजारी बसून मी नुसता देवाचा धावा करत होतो.

हात मागे बांधून आम्ही तिच्या आठवणी काढत राहिलो. वीस मिनिटं झाली. जीव गुदमरायला लागला.

अखेर दार उघडलं. जिना उतरून आलेली तिची मुलगी अफिफा समोर उभी होती. "काका, मी वर वाट बघतेय, आणि तुम्ही अजून तळमजल्यावरच?"

लिफ्ट बिघडलीच नव्हती. पाचव्या मजल्याचं बटण कुणी दाबलंच नव्हतं.



दर ईदला सलिमा आम्हाला न्यायला खाली यायची, आणि ते बटण तीच दाबायची.