स्वस्तातला बास

बासवालीने तो बास छातीला टेकवला आणि तिचंच काळीज स्पीकरमधून धडधडायला लागलं.

ती हसली. "पिकअप, म्हणजे हा आतला माइक, भलताच तिखट आहे हो तुमचा. मनातलंसुद्धा ऐकेल."

घरमालकीण हसली नाही. बास तिनेच विकायला काढला होता. ती हात पुसत दाराशी उभी होती.

बास म्हणजे नुसता दांडा. मोठ्या लाकडी बासचं पोट काढून टाकलं की उरेल तेवढा: मान, चार तारा आणि छातीला टेकायला एक घडीचा पंख. अ‍ॅम्पला जोडला नाही तर मुका. पण एका हाताने उचलत होता, आणि बासवालीला तेच हवं होतं. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं जुनं लाकडी धूड जिन्यावरून चढवणं म्हणजे मेलेली म्हैस ओढणं झालं होतं. बँडचे मास्तर तोंडावर म्हणाले होते, "शनिवारच्या कार्यक्रमाला हलकं वाद्य घेऊन या. नाहीतर त्या पोराला बोलावतो." पोरगा चपळ बोटांचा होता. ज्या जागी उभं राहून तिचे केस पिकले, ती जागा त्याला देऊन टाकायला ती तयार नव्हती.

दुकानातले दोन बास तिने बघून झाले होते. एक ऐपतीबाहेरचा. दुसरा ऐपतीतला, पण आवाज डब्यावर रबर ताणल्यासारखा. इथे मात्र तिने खालची तार छेडली आणि जाड, उबदार स्वर खोलीभर पसरला. शिट्टी नाही, खरखर नाही. या किमतीत असला बास म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

मग तिच्या लक्षात आलं. तिच्या धडधडीखाली आणखी एक ठोका होता. संथ आणि जड.

तिने बास स्टँडवर ठेवला, मागे सरकली. तिची धडधड थांबली. दुसरी चालूच राहिली.

"हे काय आहे?"

"हे ह्यांचं," घरमालकीण म्हणाली. खुंटीवरचा सदरा कुणाचा ते सांगावं, तसं.

नवरा वाजवता वाजवता थकला, बास ठेवून जरा आडवा झाला आणि उठलाच नाही. सगळं आटोपून माणसं पांगल्यावर तिच्या लक्षात आलं, अ‍ॅम्प चालूच राहिलाय. बंद करायला गेली, तर आतून हा ठोका.

"तेव्हापासून चालूच आहे. मध्येच दिवे गेले तर? म्हणून इन्व्हर्टर बसवून घेतला. फ्रिज बंद पडतो, हे पडत नाहीत."

बासवालीच्या अंगावर सरसरून काटा आला. पळून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, वाजवणाऱ्याची खोड म्हणा, लय तपासून बघावीशीही वाटली. ठोका कुठेही चुकत नव्हता.

"मग विकता कशाला?"

"लेक म्हणते, आई, आता माझ्याकडे राहायला ये. ह्यांना असं एकटं टाकून जाऊ कशी? आणि बंद करायला माझा हात धजत नाही. तेव्हा जो घेईल, त्यानेच बटण बंद करायचं आणि घेऊन जायचं. किंमत तेवढ्यासाठीच कमी केलीय."

बटण समोरच होतं. बासवालीला शनिवार आठवला, मास्तर आठवले, तो जिना आठवला. तिने हात पुढे केला. बोट बटणाला लागलं, तसा ठोका जरा जलद झाला.

तिने हात मागे घेतला. "नाही हो, ताई. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"आधीचेही असंच म्हणून गेले," घरमालकीण दार उघडत म्हणाली. "माझंच चुकतं. आधी सगळं सांगून बसते."

जिन्यात पोरगा भेटला. तोच, मास्तरांचा. रिकामी पिशवी खांद्याला अडकवून दोन दोन पायऱ्या चढत येत होता.

"मावशी! बास गेला की आहे अजून?"

"आहे."

"मग तुम्ही कसा नाही घेतला? काही खोट?"

सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगणार काय? आणि खरं म्हणजे, हाही घाबरून परत येईल आणि आपली जागा शाबूत राहील, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"आवाज आहे एक," एवढंच ती म्हणाली.

खाली येऊन ती शेवटच्या पायरीवर बसली. वरची खिडकी उघडी होती. कान दिला तर ठोका इथवर ऐकू येत होता. नकळत तिच्या बोटाने गुडघ्यावर त्याचा ठेका धरला. वर पोराने झरझर एक लांबलचक तान वाजवली. छानच वाजवली. मग सूर थांबले आणि ठोक्याला घाई झाली. ठोके एकावर एक पडायला लागले. तिचं बोट त्याच्यामागे धावलं.

"थांब रे!" ती ओरडत उठली.

पुढचा ठोका द्यायला उचललेलं बोट तसंच वर राहिलं.

थोड्या वेळाने पोरगा भरलेली पिशवी पाठीवर घेऊन उतरला. गडी खुशीत होता.

"मावशी, लॉटरी लागली म्हणा! तुम्ही म्हणत होता तो आवाज ना? बटण बंद केलं, गेला. खोट-बिट काही नाही." मग त्याने वर खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई मात्र विचित्रच. मला विचारतात, 'दुखलं नसेल ना?' कुणाला, म्हणून विचारलं, तर दारच लावून घेतलं."