रंध्याची वायर

“वहिनी, तुमच्या कुकरला लागते तीच वायर या विजेच्या रंध्याला बसते हं. घरात अशा आणखी किती आहेत ते बघून ठेवा,” वायरमन म्हणाला होता. तिच्या सासऱ्यांना, बाबांना, हल्ली भान राहत नव्हतं, म्हणून नवऱ्याने त्याच्याकडून त्यांच्या सुतारकामाच्या जुन्या मशिनींच्या वायरी कापून घेतल्या होत्या आणि काढता-घालता येणारी एकच वायर सगळ्यांना चालेल, अशी सोय केली होती. ती लपवली की मशीन म्हणजे नुसता ठोकळा.

“अहो भाऊ, सासऱ्यांना डोळ्यांवरचा चष्मा सापडत नाही,” ती हसली होती. “वायर कुठली सापडतेय!”

आणि आता मागच्या शेडमधून रंध्याचा आवाज येत होता.

तिने लेकीला कडेवर घेतलं, कपाट उघडलं, लंगोटांच्या चळतीमागे हात घातला. वायर होती. तिथेच, तशीच गुंडाळलेली. तिने ती बाहेर काढली, दोन्ही टोकं उलटसुलट करून बघितली. आवाज चालूच.

शेजाऱ्यांकडचा असेल. पण शेजारी तर बँकेत कामाला. की हे लवकर परत आले? की आपण भलतीच वायर लपवली? भुकेली लेक वायरचं टोक तोंडात घालायला बघत होती. तिच्यासाठी कुकरमध्ये बटाटे उकडायला लावले होते. तिने झाकणाला हात लावला. गार. कुकरच्या मागे वायरच नव्हती.

क्षणभर तिला वाटलं, कुकरची वायर तर आपल्याच हातात आहे. मग उमगलं, आणि ती धावली.

बाबा टेबलावर वाकले होते. उजव्या हातात रंधा, डावा तळवा फळीवर. आयुष्यभर त्यांचं काम असंच चालायचं: मशीन पुढे सरकायचं आणि लाकूड गुळगुळीत झालं का ते बघायला मागून तळवा फिरायचा. आज तळवा मशीनच्या पुढे होता. फळी घासून घासून मोजपट्टीएवढी पातळ झाली होती.

हाक मारली तर दचकतील. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

“लाइट गेली का गं?”

“गेली, बाबा.”

“मग हा दिवा कसा चालू?”

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“आणि हातात काय तुझ्या?”

“वायर.”

“मग लाव की! बघतेस काय नुसती? अजून खरखर आहे याला.”

तिने मशीनला लावलेली कुकरची पांढरी वायर उपटली. दोन्ही वायरी खांद्यावर टाकल्या.

बाबा मशीनच्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी रंधा पुन्हा फळीवर टेकवला, ओठ मिटले आणि घशातून घुंऽऽ करत तो ढकलायला लागले. हुबेहूब. भुसा काही उडेना, पण लेक खिदळली आणि बाबांना चेव चढला.

तेव्हापासून रोज दुपारी तो आवाज येतो. वायरी कुलपात असतात, किल्ली कमरेला असते, तरी तो मशीनचा की बाबांच्या घशातला, हे ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिला कळत नाही. तुम्ही मागच्या गल्लीतून जाणार असाल, तर तिचं एवढंच म्हणणं आहे: शेडच्या खिडकीतून जरा डोकावून बघा. हाक मारू नका. भुसा उडत नसेल, तर बाबा बरे आहेत.