जुनाच पासवर्ड

"काकू, नवा पासवर्ड टाकतो ना. दोन मिनिटांचं काम आहे," कमलेश म्हणाला.

"नको. जुनाच पाहिजे," नंदा म्हणाली.

परवा लाइट गेली-आली त्यात जुना राउटर जळला होता. केबलवाल्यांचा कमलेश नवा घेऊन टिटवाळ्याच्या या चौथ्या मजल्यावर आला होता. नाव तेच आणि पासवर्ड तोच ठेवला, तर घरातलं सगळं आपोआप जोडलं जाणार होतं. नवा ठेवला तर एकेक वस्तू पुन्हा जोडायची. टीव्ही जोडता आला असता, नंदाचा फोनही. पण देवघराशेजारचा गोल स्पीकर फक्त नंदाच्या नवऱ्याच्या, सुदेशच्या फोनवरून जोडता यायचा. तो फोन सुदेश वारला त्या दिवसापासून बंद होता, आणि कुणाला उघडता येत नव्हता.

"एवढं काय आहे काकू त्या डब्यात? गाणीच ना? दुसरा आणा."

नंदाने स्पीकरवरची धूळ पदराने पुसली. तिच्या मुलीने, सान्वीनेच सांगितलं, "बाबा ठाण्याला कामाला होते, एसटीच्या खोपट डेपोत. त्यांची सुटायची वेळ झाली की हा बोलायचा. त्यांनीच लावून ठेवलेलं. ते गेले तरी रोज बोलत होता."

"काय बोलतो?"

"'नंदा, मी निघालोय. दिवा लाव.'"

कमलेशने हातातली पक्कड खाली ठेवली.

"परवापासून गप्प आहे," नंदा म्हणाली.

"मग आठवा. आठ अक्षरं तरी असणार, इंग्लिशमधली. काकूंच्या फोनमध्ये दिसत नाही?"

"नुसते ठिपके दिसतात. आणि माझा फोन नवा आहे, मी डेटाच वापरते," सान्वी म्हणाली.

तिने स्वतःच्या नावापासून सुरुवात केली, आठ अक्षरं भरायला पुढे आकडे जोडत. मग आईचं नाव, लग्नाची तारीख, कोकणातलं गाव, गावची देवी. दर वेळी राउटर बंद होऊन सुरू व्हायचा आणि देवीला कौल लावल्यासारखे तिघंही स्पीकरच्या दिव्याकडे बघत बसायचे. दिवा नारिंगी तो नारिंगीच.

"बाबांनी कुणाला सांगितलाच नाही गं कधी," सान्वी म्हणाली. "कुणी मागितला की त्याचा फोन हातात घ्यायचे, पाठ फिरवायचे आणि पासवर्ड स्वतःच टाकायचे. मामा म्हणायचा, दाजी, तिजोरीची चावी आहे का? तर म्हणायचे, नाम सांगायचं नसतं, घ्यायचं असतं. जरा कीर्तनात बसत जा."

"मग देवाचंच असणार," कमलेश म्हणाला. "विठ्ठलाची सगळी लावून बघा."

विठ्ठल झालं, पांडुरंग झालं, माउली झालं. दिवा बदलला नाही.

नंदा खाली फरशीकडे बघत होती. एकादशीच्या कीर्तनाला सुदेश बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचा. गजर टिपेला जाऊन थांबायचा, बुवा कथेला लागायचे, सगळ्यांचे टाळ शांत व्हायचे. सुदेशचे ओठ मात्र हलत राहायचे. काय तल्लीन होतो माणूस, लोक म्हणायचे. एकदा प्रसादाच्या रांगेत ती त्याच्या अगदी मागे होती. ओठांवर होतं ते देवाचं नाव नव्हतं. तिने ते ऐकलं होतं आणि घरी येऊन गुपचूप वरीचे तांदूळ चढवले होते.

"सान्वी, इकडे ये."

"अगं सांग ना, टाकते मी."

"इकडे ये म्हटलं ना."

सान्वी उठून जवळ आली. नंदाने तिचे केस मागे सारले, आणि बारशाला आत्या पाळण्यात वाकते तशी वाकून तिच्या कानात सांगितलं. मग सरळ होत म्हणाली, "आणि पुढे बाबांचं. ते तसंच म्हणायचे, जोडून लिही."

सान्वीने नाव लिहिलं. पुढे बाबांचं लिहायला घेतलं आणि तिचा अंगठा अडला. शाळेत गेल्यापासून ती स्वतःचं नाव असंच लिहीत आली होती. आधी आपलं, मग बाबांचं.

"आई, हा कोण?"

"तुझ्या आधीचा." नंदाचा आवाज कोरडा होता. "पाळणा आणून ठेवला होता. बारशाच्या आदल्या दिवशी गेला. नाव ठरलं होतं, कानात सांगायचं राहिलं. पुढे आम्ही दोघांनी एकमेकांपाशी ते कधी काढलंच नाही. लिही, थांबू नकोस."

सान्वीने लिहिलं. राउटर बंद होऊन सुरू झाला. नंदाचा फोन वाजला. टीव्हीवर खूण आली. स्पीकरचा नारिंगी दिवा विझला, थोडा वेळ तिथे काहीच नव्हतं, आणि मग तो निळा झाला.

"झालं बघा," कमलेश हळूच म्हणाला. त्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एकेक घर उजळत होतं. सुदेशची सुटायची वेळ झाली होती.

"नंदा, मी निघालोय," यंत्रातली बाई परक्यासारखी म्हणाली. "दिवा लाव."

नंदाने काडेपेटी सान्वीकडे सरकवली. सान्वी उठली. देवापुढे बसून तिने निरांजनात वात सारखी केली आणि काडी ओढली.

कमलेशने पिशवी खांद्याला लावली. दारात तो फोन काढून थांबला. "सॉरी काकू, प्लॅनसाठी टाकायला लागतं. घरात माणसं किती? दोघीच ना?"

नंदाने मान हलवायच्या आत देवघरातून सान्वी मागे न बघता म्हणाली, "चौघं."