जो अडेल तो ओरडेल

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी रक्तपेढीच्या सर्व्हरने जुन्या किल्ल्या घेणं बंद केलं.

किल्ली म्हणजे बाहेरून सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी प्रत्येकाच्या संगणकात ठेवलेली फाइल. जुन्या पद्धतीच्या किल्ल्या आता सहज फोडता येतात, अशी तंबी तपासनिसांनी दिली होती. सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईने हजेरीपट समोर ठेवून तेवीस जणांना नव्या किल्ल्या करून दिल्या होत्या.

"कोणी राहिलं असेल तर?" ताईने विचारलं.

"जो अडेल तो ओरडेल," रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपल्याकडे गप्प बसणारं आहे कोण?"

तरी ताईने हजेरीपट पुन्हा एकदा तपासला. उद्या शिपाईमामांच्या सुनेचं ऑपरेशन होतं. तिच्या दुर्मिळ गटाच्या चार पिशव्या दोन महिने शोधून मिळाल्या होत्या. आज सर्व्हर अडला, तर त्या वेळेवर रक्तपेढीतून बाहेर पडणार नव्हत्या.

साडेअकराला तंत्रज्ञाचा घरून फोन आला. "शिरलो, ताई. आमच्या घराचं कुलूपसुद्धा इतक्या पटकन उघडत नाही."

बाराच्या ठोक्याला शिपाईमामा तिसरा फ्रीज उघडून पिशव्या बघून आले. "चारही आहेत," ते म्हणाले आणि दिवसात पहिल्यांदाच हसले.

दुपारी डॉक्टरबाई खुर्चीत रेलल्या. "आज सासूबाईंचाही फोन नाही. सगळ्यांना वळण लागलं म्हणायचं!"

सासूबाई म्हणजे तिसऱ्या फ्रीजमधली तापमानावर नजर ठेवणारी पेटी. त्या फ्रीजच्या दाराचं रबर सैल होतं. दार जोर लावून ढकलावं लागे. ते किंचित उघडं राहिलं आणि आतला गारवा उतरला, की पेटी सर्व्हरमध्ये शिरून डॉक्टरबाईंना फोन लावी. दार नीट लागेपर्यंत, दर पाच मिनिटांनी. दहा वर्षांपूर्वी पेटी बसवणाऱ्याने सर्व्हरवर तिचं नावही गमतीने तेच घातलं होतं.

संध्याकाळपर्यंत कोणी ओरडलं नाही. मामा सुनेजवळ बसायला निघून गेले. ताईने अहवाल लिहिला: काम निर्विघ्न पार पडलं.

पाच चाळीसला, अहवालाला जोडायची म्हणून तिने नाकारलेल्या प्रवेशांची यादी उघडली. यादी कोरी असणार, याची तिला खात्री होती.

नोंदी पासष्ट होत्या. पहिली बारा वीसची, शेवटची आत्ताची. मध्ये दर पाच मिनिटांनी एक.

नाव सगळीकडे एकच होतं: सासूबाई.